जादा आलेले पैसे स्वतः परत करू नका

ऑनलाइन व्यवहारात कोणी फसला की गावात निकाल ठरलेला असतो: हाव नडली. दामदुप्पट योजना, लॉटरीचे बक्षीस, महिन्याला दहा टक्के परतावा, अशा फसवणुकींना हा निकाल बऱ्याच अंशी लागूही पडतो. पण जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढणाऱ्याला ज्या पद्धतीने लुबाडले जाते, तिथे तो साफ चुकतो. या प्रकारात विकणारा ठरलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागत नाही. त्याला सांगितले जाते की, तुमच्या खात्यात चुकून आमचे जास्त पैसे आले आहेत, वरचे तेवढे परत करा. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे ठेवायचा नाही, हे घरात शिकवलेले असते. म्हणून तो लगेच परत करतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे काहीच आलेले नसते. म्हणजे इथे चोराच्या उपयोगी पडतो तो विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि त्या प्रामाणिकपणातली घाई. ‘मोहात पडू नका’ हा नेहमीचा उपदेश अशा माणसाच्या कामाचा नाही, कारण तो मोहात पडलेलाच नसतो. त्याला वेगळा नियम हवा: पैसे खरोखर जादा आले असले तरी ते परत करण्याचे काम आपले नाही, बँकेचे आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हा नियम का लागतो, हे इथल्या जुन्या मालाच्या बाजाराकडे पाहिले की समजते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः सोयाबीन आणि तुरीवर चालतो. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला आणि खताला रोख पैसा लागतो, आणि घरात पडून असलेल्या वस्तूंकडे लक्ष जाते: जुनी पाण्याची मोटर, स्प्रिंकलरचे पाईप, पेरणी यंत्र, मुलगा पुण्याला गेल्यामुळे उभी राहिलेली मोटरसायकल. पूर्वी अशा वस्तू मेकॅनिकच्या ओळखीने किंवा आठवडी बाजारात विकल्या जात. आता फोटो काढून ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की काम झाले. भाव चांगला मिळतो, गिऱ्हाईक जिल्ह्याबाहेरचेही येते. मात्र बाजारात एका हाताने माल जातो आणि दुसऱ्या हातात नोटा येतात. ऑनलाइन सौद्यात माल मंगरूळपीरला, गिऱ्हाईक कुठे ते ठाऊक नाही, आणि दोघांच्या मध्ये असतो फक्त ‘पैसे टाकले’ असा निरोप. चोर काम करतो तो या निरोपावर.

एक उदाहरण जवळून पाहू. रिसोड तालुक्यातल्या कोणा शेतकऱ्याने वीस स्प्रिंकलर पाईप नोझलसह ८,००० रुपयांना विकायला काढले, असे समजा. जाहिरात टाकून तास होत नाही तोच फोन येतो. समोरचा हिंदीत बोलतो, आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, गावी वडिलांसाठी पाईप हवे आहेत, असे सांगतो. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, सगळे न मागता पाठवतो. पाईप किती वर्षांचे, कुठे फुटले आहेत का, रबर बदलले का, यातले काही विचारत नाही. भावही पाडत नाही. ‘माणूस उद्या गाडी घेऊन येईल, पैसे आत्ताच टाकतो,’ म्हणतो. दोन मिनिटांत मेसेज येतो की, खात्यात ८०,००० रुपये जमा झाले. मेसेज वाचून होण्याआधीच घाबऱ्या आवाजात दुसरा फोन: ‘भैया, एक झिरो ज्यादा लग गया.’ मग कोणी दवाखान्यात असते, कोणाला साहेब ओरडणार असतात, आणि ७२,००० रुपये दुसऱ्याच एका नंबरवर ताबडतोब परत हवे असतात. फोन ठेवू दिला जात नाही. एकदम जात नसतील तर दहा-दहा हजार टाका, अशी सोयही सुचवली जाते. मेसेज बँकेचा नव्हता, तो एका साध्या मोबाइल नंबरवरून टाइप करून पाठवला होता, हे कळेपर्यंत सोयाबीनचे खरे ७२,००० रुपये गेलेले असतात.

या गोष्टीतला प्रत्येक तपशील मोजून ठेवलेला आहे. एक शून्य जास्त पडणे ही कोणाच्याही हातून होणारी चूक वाटते, म्हणून ती पटते. सैनिकाचे नाव घेतले की शंका विचारायलाच संकोच वाटतो. शिवाय तो सीमेवर असल्यामुळे समक्ष का येत नाही, याचे उत्तरही आपोआप मिळते. सतत चालू ठेवलेला फोन विकणाऱ्याला खाते तपासू देत नाही आणि घरातल्यांशी बोलूही देत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तिच्यात ऑनलाइन विक्रीच्या मंचावरची फसवणूक स्वतंत्रपणे दिली आहे. दूरच्या ठिकाणी नेमणूक झालेला सुरक्षा दलातला कर्मचारी हे सोंग तिथेही नोंदवलेले आहे. म्हणजे ही युक्ती नवी नाही, गुप्तही नाही. तरीही ती चालते, कारण ती माहितीच्या अभावापेक्षा भल्या माणसाच्या सवयीवर जास्त अवलंबून आहे.

शिकलेल्या, शहरी माणसालाही ती चुकत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने खाते बरोबर आहे ना हे पाहण्यासाठी म्हणून आधी किरकोळ रक्कम खरोखर पाठवली. मग एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितले. पैसे येण्याऐवजी २०,००० रुपये गेले. ‘चूक झाली, दुरुस्त करतो’ असे सांगून त्याने पुन्हा तीच कृती करायला लावली आणि आणखी १४,००० रुपये गेले. पुढे पोलिसांनी काही जणांना अटकही केली. या प्रकरणात लक्ष देण्यासारखा भाग दुसऱ्या रकमेचा आहे. पहिल्या खेपेला पैसे गेले हे दिसल्यावरही दुसरी खेप घडली, कारण चूक निस्तरण्यासाठी आपण मदत करायला हवी, असे समोरच्याने भासवले. जादा रकमेचा बनाव असो की क्यूआर कोडचा, चोराचे बोलणे फिरून याच जागी येते: काहीतरी चुकले आहे आणि ते आत्ता, तुम्हीच सुधारायचे आहे.

हाच खेळ परदेशात चेकने खेळला जातो. अमेरिकेत विकणाऱ्याला ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक येतो आणि वरचे पैसे वाहतूकदाराला किंवा आणखी कोणाला पाठवायला सांगितले जाते. तिथल्या १९८७ च्या कायद्यामुळे बँकेला चेकची रक्कम ठरावीक दिवसांत खातेदाराला वापरायला द्यावी लागते. चेक बनावट असल्याचे उघड व्हायला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात. खात्यात रक्कम दिसली म्हणून माणूस वरचे पैसे पाठवतो आणि चेक परत आला की सगळा भुर्दंड त्याच्यावर बसतो. आपल्याकडे चेकची जागा मेसेजने आणि स्क्रीनशॉटने घेतली, आणि आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. साधन बदलले तरी पाया एकच राहिला. पैसे दिसणे आणि पैसे असणे यांत थोडे अंतर असते, आणि त्या अंतरातच विकणाऱ्याला खरे पैसे पाठवायला लावायचे असते.

मग एका मेसेजवर माणूस इतका विसंबतो कसा? याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या आपल्या सवयीत आहे. पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी थेट खात्यात येतात. २०२३ मध्ये राज्याची नमो शेतकरी योजना आली, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. पीकविमा आणि अतिवृष्टीची मदत तर कधी येईल याचा नेम नसतो. यातला बहुतेक पैसा आधी कळतो तो मोबाइलवर वाजलेल्या मेसेजमुळे. अनपेक्षित रक्कम जमा झाल्याचा मेसेज येतो आणि तो खरा निघतो, हा ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखो घरांचा अनुभव आहे. त्यामुळे खोट्या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल; खऱ्या मेसेजांनीच त्याला तशी सवय लावली आहे. त्यात बँकांची नावेही बदलतात. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली. अशा बदलानंतर आपल्या बँकेचा मेसेज नेमका कोणत्या नावाने यायला हवा, हे पुष्कळ खातेदारांना सांगता येणार नाही.

खरा-खोटा मेसेज ओळखण्याची एक खूण आहे. बँकेचा मेसेज इंग्रजी अक्षरांच्या ठरावीक नावाने येतो. दहा आकडी मोबाइल नंबरवरून बँक ‘रक्कम जमा’ असे कळवत नाही. खोट्या मेसेजात पुष्कळदा खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे चुकीचे असतात किंवा नसतातच, आणि शिल्लक किती हे लिहिलेले नसते. पण खुणांवर फार भिस्त ठेवू नये, कारण खुणांची नक्कल होते आणि पैसे पाठवल्याचा हुबेहूब स्क्रीनशॉट तर कोणालाही बनवता येतो. पक्की कसोटी एकच, खात्यातली शिल्लक. तीही आपल्या वाटेने तपासलेली हवी: समोरच्याने पाठवलेली लिंक न उघडता स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये, शाखेत पासबुक भरून, किंवा साध्या फोनवर *९९# लावून. वाशिम आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत पीककर्जासाठी ज्या अकोला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेशी बहुतेकांचा संबंध येतो, तिथे कर्जाची नोंद पासबुकात पाहिल्याशिवाय कोणी समाधान मानत नाही. पाईपच्या आठ हजारांनाही तोच न्याय लावायला हवा.

आता पहिला आक्षेप. कोणाकडून खरोखरच चुकून पैसे आले असतील तर? एखाद्या गरिबाचे पैसे अडकवून ठेवणे बरे का? आक्षेप रास्त आहे, कारण नंबर चुकून रक्कम भलत्याच खात्यात जाण्याचे प्रकार घडतात. पण त्यासाठी रीत ठरलेली आहे. पाठवणाऱ्याने आपल्या बँकेत किंवा यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराची तक्रार करायची. त्याची बँक आपल्या बँकेशी संपर्क साधते. आपण शाखेत जाऊन संमती दिली की रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाते. यात प्रामाणिकपणाला काही धक्का लागत नाही, फक्त दोन-चार दिवस लागतात. असे पैसे खर्च करून टाकणे अर्थातच चूक आहे आणि तो गुन्हाही ठरू शकतो. पण फोनवर सांगितलेल्या तिसऱ्याच नंबरवर ते पाठवणे त्याहून धोक्याचे आहे. आलेली रक्कम खरी असली तरी ती दुसऱ्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाची असू शकते. त्याने तक्रार केली की पैशाचा माग आपल्या खात्यापर्यंत येतो आणि खात्यावर रोक लागते. तोवर पैसे पुढे गेलेले असतात आणि ते कोणाला, का पाठवले, याचा खुलासा आपल्याला करत बसावे लागते. बँकेमार्फत परत केल्याने पाठवणाऱ्याचे भले होते आणि आपलीही बाजू राखली जाते.

दुसरा आक्षेप असा की, इतका संशय घेतला तर व्यवहार करायचे कसे? गिऱ्हाईक दुखावेल, सौदा मोडेल. कारंजा किंवा वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्याला याचे उत्तर सांगावे लागू नये. तिथे बोलीने भाव ठरतो, मालाचा काटा होतो, काटापट्टी आणि हिशोबपट्टी हातात पडते, आणि मगच पैशाचे बोलणे होते. वर्षानुवर्षांची ओळख असलेला अडत्याही पट्टी मागितली म्हणून रागावत नाही. पट्टी मागणे हा व्यवहाराचा भाग आहे, तो अविश्वास नाही. ऑनलाइन विकताना ‘पैसे खात्यात दिसले की माल देतो, उद्या बँक उघडल्यावर बघून सांगतो’ असे म्हणण्याने खरे गिऱ्हाईक तुटत नाही. उलट खरे गिऱ्हाईक स्वतःच खोदून खोदून विचारते, समक्ष बघायला येते, आणि वऱ्हाडातले असेल तर भाव पाडल्याशिवाय परत जात नाही. जुनी मोटर न बघता, न चालवता, पहिल्याच बोलीला कबूल होणारा आणि वर आगाऊ पैसे टाकायला उतावीळ झालेला माणूस हेच संशयाला पुरेसे कारण आहे. चोराला एकच गोष्ट परवडत नाही, ती म्हणजे वेळ. एक दिवस थांबा म्हटले की त्याची भाषा बदलते: आधी विनवणी, मग दमदाटी, मग पोलीस केसची धमकी.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानावर भरवसा ठेवणाऱ्यांचा. यंत्रणा आता सुधारली आहे, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची ‘मागणी’ पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून होणारी लूट याच सोयीतून व्हायची. पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेत नोंदलेले खरे नाव दिसावे, असाही नियम २०२५ मध्येच आला. त्यामुळे सैनिकाचे नाव एक आणि पडद्यावर दुसरेच, एवढ्यावरूनही सावध होता येते. पण जादा रकमेच्या बनावात विकणारा स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून, साध्या पद्धतीने पैसे पाठवतो. यंत्रणेच्या दृष्टीने तो पूर्णपणे रीतसर व्यवहार असतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरते आहे; तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर खातेदारावर बोजा पडत नाही. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या रकमेला ते संरक्षण सहजी मिळत नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती; २०२४ मध्ये ती सुमारे २२,८४५ कोटींवर गेली. यंत्रणा सुधारत असतानाच हा आकडा एका वर्षात तिप्पट झाला आहे.

पोलीस चोरांना पकडतील, यावरही सगळी भिस्त ठेवता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या चौदा गावांवर सुमारे पाच हजार पोलिसांनिशी एकाच वेळी छापे घातले. हरियाणातला नूह, राजस्थानातला भरतपूर आणि उत्तर प्रदेशातला मथुरा या टापूतल्या टोळ्यांची नावे अशा गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तोतयेगिरीच्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण सिम दुसऱ्याच्या नावाचे, खाते भाड्याने घेतलेले, आणि पैसे काही मिनिटांत चार खात्यांतून फिरून एटीएममधून काढलेले, अशा साखळीत गुन्हेगार सापडला तरी रक्कम सापडेलच असे नाही. रक्कम वाचते ती तक्रार लवकर झाली तर. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलही आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत पोहोचले तिला निरोप जातो आणि खात्यात जे शिल्लक असेल ते रोखता येते. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या नंबरवर पैसे गेले तो, एवढे हाताशी ठेवावे. मेसेज आणि चॅट पुसू नयेत. त्यानंतर आपल्या बँकेला कळवावे आणि वाशिमच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

या कामात सर्वांत मोठा अडथळा असतो लाजेचा. लोक काय म्हणतील, घरचे बोलतील, म्हणून माणूस रात्रभर गप्प बसतो आणि सकाळी तक्रारीला जातो. तेवढ्या वेळात पैसे हाताबाहेर जातात. फसलेल्याला नावे ठेवणारी आपली भाषा ही अशी चोराच्या पथ्यावर पडते. म्हणून घरातल्या कोणाच्या बाबतीत असे घडले तर दोष देणे नंतरसाठी ठेवावे आणि आधी १९३० लावून द्यावा. जाहिरात टाकतानाच घरात एक गोष्ट ठरवून घ्यावी: माल विकणारा कोणीही असो, पैसे परत पाठवण्याचा निर्णय एकट्याने, फोन चालू असताना घ्यायचा नाही. आणि ज्यांना मोबाइलचे फारसे कळत नाही त्या वडीलधाऱ्यांना सगळे तंत्र समजावत बसण्यापेक्षा एक वाक्य पाठ करून द्यावे: ‘तुमचे पैसे जास्त आले असतील तर तुमच्या बँकेत अर्ज करा, माझी बँक परत करेल.’ एवढे बोलून फोन ठेवायचा. ज्याचे पैसे खरोखर आले असतील, तो अर्ज करेल आणि ते त्याला मिळतील.